चक्रीवादळाची मदत आणि चर्च : त्या मेसेजबद्दल खुलासा

जालना-संभाजीनगरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘१९९९ च्या ओडिशा चक्रीवादळात चर्चच्या संस्थांनी धर्म बदलणाऱ्यांनाच मदत दिली, तेव्हा चर्चच्या मदतपेटीत काही टाकू नका.’ सोबत ना गावाचं नाव, ना पुरावा.

२९ ऑक्टोबर १९९९ ला ते वादळ धडकलं, जवळपास दहा हजार माणसं गेली. तिकडे राबणाऱ्यांत ‘कासा’ ही प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची संस्था होती. तिची सुरुवातच १९४७ च्या फाळणीतल्या निर्वासितांसाठी झाली. कॅथलिकांची कारितासही होती. मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही, आणि मदतीच्या आडून धर्मप्रचार करायचा नाही, हा नियम रेडक्रॉसबरोबर चर्चच्या जागतिक संस्थांनीच १९९४ साली मान्य केलाय.

पूर्व किनाऱ्यावरचे वादळ-निवारे कसे असतात बघा. खांबांवर उचललेली पक्की इमारत, खालून उधाणाचं पाणी निघून जातं, वर सगळं गाव चढतं. एरवी तिथे शाळा भरते. असे निवारे चर्चच्या संस्थांनीही बांधलेत. त्या जिन्यावर कोण कुणाची जात-धर्म विचारणार?

नियम आहे म्हणून तो कुणीच मोडत नाही, असं नाही. तसं कुठे घडलं असेल तर गाव, तारीख सांगून जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. पण मोघम मेसेजवर मदत अडवू नका. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी आपणही देणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता.

आणि जुने कपडे शक्यतो नकोच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत त्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले. पैसे द्या, पावती घ्या.