तिकिटं उरली तरी सामना टीव्हीवर दिसतो

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'स्टेडियमची तिकिटं ७२ तास आधी संपली नाहीत, तर एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवत नाहीत.' हा नियम १९७३पासून खरंच होता, म्हणूनच मेसेज पटतो. पण २०१५मध्ये संघमालकांनी तो स्थगित केला.

सामना दिसला नाही, तर कारण बहुधा वेगळं असतं. रविवारी दुपारी सीबीएस आणि फॉक्स या वाहिन्या भागाभागांत वेगवेगळे सामने दाखवतात. डॅलसच्या मित्राला दिसणारा सामना न्यू जर्सीत नसेलही. गुरुवारचे प्राइम व्हिडिओवरचे सामने मात्र खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या शहरांत साध्या अँटेनावरही दिसतात. आपल्या स्थानिक वाहिनीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.