पनवती म्हणायचं तर स्वतःला म्हणा

जिंकलो! हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी "आनंदाच्या दिवशी कसली किरकिर" म्हणायला नको. काल रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून २०२५ चा क्रिकेट वर्ल्ड कप घेतला. आपल्या कॅप्टनच्या, हरमनच्या हातात कप बघून मी रडले, थोड्या वेळाने परत तेच दाखवलं तेव्हा परत रडले. २००५ ची फायनल हरलो होतो, २०१७ ला लॉर्ड्सवर नऊ धावांसाठी हरलो होतो, त्यानंतरचा हा दिवस. आनंद आहेच. आणि मी भयंकर चिडलेलीही आहे. दोन्ही एकदम जमतं, पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

झालं असं. मॅच बघायला आम्ही सगळे दिरांकडे, कर्वेनगरला. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली, तोवर चहा दोनदा झालेला. आपली बॅटिंग मजेत गेली. शेफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८, सगळे मिळून २९८. मग त्यांची कॅप्टन वोल्वार्ट उभी राहिली ती हलेचना. पोरीची नजर अशी बसलेली की मलाच धाकधूक व्हायला लागली. मी आतून भज्यांची ताटली घेऊन हॉलमध्ये पाय टाकला आणि नेमका तेव्हाच तिने चौकार मारला. भाऊजी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा आतच थांबता का? दोन हजार अकरा आठवतंय ना?"

बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल. बॅट बायकांच्या हातात, बॉल बायकांच्या हातात, आणि माझ्या हातात झारा! वर हे स्वयंपाकघरात थांबायला सांगणार.

आठवतंय ना म्हणे. मी विसरेन?

२ एप्रिल २०११, श्रीलंकेविरुद्धची वर्ल्ड कप फायनल. मॅच आमच्याकडे होती, सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी. सासरे होते तेव्हा, सासूबाई होत्या, नणंदेकडचे आलेले, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दुपारी झहीरने पहिल्या तीन ओव्हर मेडन टाकल्या, तेव्हा मी आत कांदा चिरत होते. पुढे जयवर्धनेने शतक ठोकलं, तेव्हा मी बाहेर येऊन बसले होते. ही नोंद कुणीतरी मनात करून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. आपली बॅटिंग सुरू झाली, मी भेळेचे वाडगे घेऊन बाहेर आले आणि मलिंगाच्या दुसऱ्या चेंडूवर सेहवाग पायचीत. शून्य. हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मुकाट आत गेले. नंतर राहवेना म्हणून दारातून नुसतं डोकावले, तर सचिन गेला. १८. त्यानंतर काय खटला चालणार? निकाल लागलेलाच होता. भाऊजींनी हात जोडून सांगितलं, "वहिनी, देशासाठी."

देशासाठी मी ओट्याशी उभी राहिले. गंभीरच्या ९७ मी ऐकल्या. धोनीच्या नाबाद ९१ ऐकल्या. बघितलं काहीच नाही.

आता मित्रयादीतल्या विवेकवादी मंडळींनी लगेच सरसावू नये. अंधश्रद्धेवर भाषण द्यायला मी आलेले नाही. उलट ज्याला मॅच चालू असताना एकही खुळचट समजूत नसते, त्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडे रिमोट पालथा ठेवतात. बाकरवडीचं पाकीट पॉवरप्ले संपल्याशिवाय फोडत नाहीत. एक पुतण्या २०२४ चा टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप होईपर्यंत एकच टी-शर्ट घालून बसायचा आणि तो धुवायला टाकायला त्याच्या आईला बंदी होती. (वास आम्ही सगळ्यांनी घेतला. देशासाठी.) हा वेडेपणा मला प्यारा आहे. २०१८ ला कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे आयपीएलचे सामने गहुंज्याला, आपल्या पुण्याच्या स्टेडियमवर आले, तेव्हा पिवळ्या जर्सीतली माणसं ट्रेन भरून चेन्नईहून पुण्याला आली होती. आपल्या पुण्याच्या टीमने तर २०१७ ला 'सुपरजायंट्स'मधला शेवटचा 'स' काढून टाकला आणि त्याच वर्षी फायनल गाठली! मुंबईकडून एका धावेने हरली, ते सोडा. आमच्या इमारतीत अजून यावर चर्चा होते, की आणखी एखादं अक्षर काढलं असतं तर?

आणि २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशच्या मॅचला काय झालं? जिंकायला जेमतेम काही धावा हव्यात, कोहलीचं शतक व्हायचंय, राहुल एकेरी धाव नाकारतोय आणि अख्खं गहुंजं आपल्याच टीमने धाव घेतली नाही म्हणून टाळ्या वाजवतंय. जगात दुसरीकडे कुठे असं होत असेल का? मला तर भरून येतं.

मुद्दा वेगळाच आहे. हे सगळं म्हणजे नवस असतो. आणि नवस स्वतःच्या जिवावर बोलायचा असतो. "मुलगा पास होऊ दे, शेजारीण सोळा सोमवार करील" असं कुणी देवाला सांगतं का? तुमचा नवस, तर उपास तुम्ही करा. डेव्हिड शेफर्ड आठवतो? तो गोलमटोल अंपायर. स्कोअर १११ (क्रिकेटमधला अपशकुनी आकडा) झाला की एक पाय उचलून उभा राहायचा. स्वतःचा पाय! स्क्वेअर लेगच्या अंपायरला "तू लंगडी घाल" असं नाही सांगितलं त्याने.

सचिनचं उदाहरण देऊ नका, मला माहीत आहे. त्याच २०११ च्या फायनलला त्याने ड्रेसिंग रूममध्ये सेहवागला जागचं हलू दिलं नव्हतं. तू नंतर टीव्हीवर बघ म्हणाला. पण निदान स्वतः त्याच्या शेजारी बसला होता ना? स्वतःही बघत नव्हता. आमच्या घरातले सचिन सोफ्यावर आणि सेहवाग स्वयंपाकघरात. तेही पुऱ्या तळत.

बरं, पुरावाच काढायचा तर मीही काढते. फेब्रुवारी २०१७, गहुंज्याची पहिलीवहिली कसोटी, ऑस्ट्रेलिया. भाऊजी स्टँडमध्ये, टोपी घालून, गालावर तिरंगा काढून. आपण १०५ आणि १०७. तिसऱ्या दिवशी खेळ खलास, ३३३ धावांनी हरलो. ओकीफ नावाच्या माणसाने दोन्ही डावांत सहा-सहा काढले. ऑक्टोबर २०२४, न्यूझीलंड. भाऊजी परत स्टँडमध्ये. सँटनरने तेरा विकेट घेतल्या, तिसऱ्याच दिवशी हरलो आणि बारा वर्षं घरात एकही मालिका न हरलेली टीम पुण्यात हरून गेली. दोन्ही वेळा मी घरी होते, टीव्हीसुद्धा लावला नव्हता. भाऊजींना कुणी म्हणालं का, की तुम्ही स्टेडियमला न जाता जरा देहूरोडलाच उतरा? (२०१९ लाही ते गेले होते आणि कोहलीने नाबाद २५४ मारल्या, आफ्रिकेवर डावाने जिंकलो. बरं, मान्य.)

आणि माझा पायगुण बघायचाच असेल तर २९ फेब्रुवारी १९९६ बघा. नेहरू स्टेडियम, वर्ल्ड कपची केनिया-वेस्ट इंडिज मॅच. बाबा मला घेऊन गेले होते, लारा बघायला. केनियाने कशाबशा १६६ केल्या, त्यातही सगळ्यात जास्त ३७ धावा अवांतर. बाबा म्हणाले, आता दोन तासांत घरी. आणि वेस्ट इंडिज ९३ वर ऑलआउट! लारा आठवर गेला. ज्यांना आम्ही बघायला गेलो होतो ते हरत होते आणि आख्खं स्टेडियम केनियासाठी बोंबलत होतं, आम्ही दोघंही. बाबांचा घसा बसला. परत येताना ते म्हणाले, असं परत बघायला मिळणार नाही. तर सांगा, त्या दिवशी मी पनवती होते की शुभशकुन? केनियात कुणाला विचारून बघा.

खरं तर मला त्या स्टेडियममध्ये परत जावंसं वाटतंय हे लिहिता लिहिता. स्वारगेटवरून जाताना अजून मान वळते. जाऊ दे.

तुम्ही म्हणाल, पुरुषांनाही बाहेर काढतातच की. काढतात. २०२४ च्या टी-ट्वेन्टी फायनलला आफ्रिकेचा क्लासेन अक्षरला धुवत होता, ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, तेव्हा माझा नवरा वैतागून बाथरूममध्ये गेला. हार्दिकने क्लासेनला काढलं आणि मग नवरा शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही. सूर्याचा तो सीमारेषेवरचा कॅच त्याने बाथरूममधून ऐकला. पण तो स्वतः बसला हो! बाहेरून कडी घातली नव्हती कुणी. आणि पुढे महिनाभर सोसायटीत छाती काढून सांगत होता, की वर्ल्ड कप मी आणला. अमिताभचंही तेच. २०२३ च्या सेमीफायनलनंतर त्याने स्वतःच लिहिलं, मी बघत नाही तेव्हा आपण जिंकतो. लोकांनी केवढं कौतुक केलं, फायनलला बघू नका म्हणून गोड विनवण्या केल्या. पुरुषाने स्वतःला पनवती म्हटलं की तो त्याग. बाईला दुसऱ्याने म्हणायचं, आणि तिने भजी तळायची.

आणि हो, त्या २०२३ च्या फायनलच्या वेळी मी एक्सप्रेसवेवर गाडीत होते. एक चेंडू बघितला नाही. ऑस्ट्रेलियाच्या हेडने १३७ मारल्या आणि आपण हरलो. घरी आल्यावर भाऊजी काय म्हणाले असतील? "वहिनी, गाडीत तुम्ही फोनवर स्कोअर बघितला असणार." आता या माणसाशी कोण वाद घालणार?

तर काल. मी काही बोलले नाही. ताटली टेबलावर ठेवली (आपटली असं नवऱ्याचं म्हणणं आहे) आणि आत गेले. फोन काढून ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून लावला. पाचेक मिनिटांत जाऊ आली. काही न बोलता स्टूल ओढून बसली. मग तिची सून आली, बाळाला घेऊन. मग पुतणी आली आणि म्हणाली, "काकू, बाहेर बाबा दर चेंडूला अक्कल शिकवतायत, मी इथेच बसते." शेजारच्या आजी साखर मागायला आल्या होत्या त्याही थांबल्या. एवढ्याशा स्क्रीनवर आम्ही सगळ्या डोक्याला डोकं लावून. जावेला क्रिकेट फारसं कळत नाही असा माझा इतकी वर्षं समज होता. तिने मला दीप्ती ओव्हर द विकेट का आली ते समजावून सांगितलं.

फोनवर सगळं उशिरा दिसतं हे तुम्हाला माहीतच आहे. हॉलमधून आवाज आधी, चित्र मागून. वोल्वार्टचं शतक झालं आणि लगेचच हॉलमधून "आऽऽ", मग "अरेऽऽ", मग परत "आऽऽ" आणि मग फटाका फुटल्यासारखी आरोळी. आम्हाला काही कळेना. मग आमच्या फोनवर अमनज्योत पळत आली, चेंडू हातातून निसटला, परत उडाला, परत, आणि मग तिने तो धरला. तेव्हा आम्हाला त्या आरोळ्यांचा अर्थ लागला. पुतणीने मला मिठी मारली ती माझ्या पदराला लागलेल्या बेसनासकट.

२०११ लाही असंच झालं होतं, फक्त उलटं. खालच्या मजल्यावर केबल होती, आमच्याकडे डिश. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा आवाज सरळ वर यायचा. धोनीचा षटकार खाली दोन-तीन सेकंद आधी गेला. म्हणजे आमच्या घरात वर्ल्ड कप जिंकल्याचं सगळ्यात आधी मला कळलं. हॉलमध्ये सगळे श्वास रोखून बसलेले आणि मी ओट्याशी एकटी नाचतेय. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते दोन-तीन सेकंद माझे होते.

इथवर लिहून मला वाटलं, जाऊ दे, पोस्ट टाकूच नये. किती छान गेली रात्र. दीप्तीने पाचवी विकेट काढली, हरमनने मागे पळत तो कॅच घेतला, आम्ही स्वयंपाकघरात किंचाळलो, बाळ दचकून रडायला लागलं. दुखापतीमुळे व्हीलचेअरवर असलेली आपली ओपनर प्रतिका रावल पण नाचत होती. सगळं विसरायला हवं होतं मी.

पण मग भाऊजी आत आले. चेहरा नुसता फुललेला. माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत होतात म्हणून!"

म्हणून? अहो, शेफालीला प्रतिकाच्या जागी सेमीफायनलच्या आधी ऐन वेळी बोलावून घेतलं, तिने ८७ मारून वर दोन विकेट घेतल्या. दीप्तीने अर्धशतक आणि पाच विकेट. कोच अमोल मुझुमदार आयुष्यभर भारताची कॅप मिळाली नाही म्हणून कुढत न बसता या मुलींच्या मागे उभा राहिला. आणि वर्ल्ड कप आला कशाने, तर मी कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात होते म्हणून? आणि गंमत म्हणजे मी खूश व्हावं अशी अपेक्षा होती! पोरं गुडलक चौकात जायचं म्हणून चपला शोधत होती, सगळे हसत होते, मग मीही हसले. आज सकाळपासून त्या हसण्याचाच राग येतोय.

तर जाहीर सूचना. फेब्रुवारी २०२६ मध्ये पुरुषांचा टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप आहे. भारताच्या सगळ्या मॅचेस आमच्याकडे. टीव्ही माझा, सोफा माझा, मधली जागा माझी. खाणं बाहेरून येईल, ते आणायला भाऊजी जातील आणि पहिली विकेट पडली तर तिथेच, दुकानाच्या पायरीवर, मॅच संपेपर्यंत थांबतील. जाऊबाईंनी होकार दिलाय. भाऊजी फेसबुकवर आहेत, वाचतीलच.