१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी झालेली नाही: मधल्या सदतीस दिवसांचा हिशेब

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की एक मेसेज गटागटांतून फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: "१४ फेब्रुवारी १९३१ रोजी पहाटे लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी दिली. आपण मात्र व्हॅलेंटाइन डे साजरा करतो." कुणी 'फाशी दिली'च्या जागी 'फाशीची शिक्षा सुनावली' असे लिहितो, कुणी 'शेवटचे अपील फेटाळले' असे. पुढे पाठवणाऱ्याच्या मनात या तिघांविषयी आदरच असतो. म्हणूनच तारीख नीट सांगणे गरजेचे आहे. ती चुकली की त्यांच्या आयुष्यातले शेवटचे सदतीस दिवसच पुसले जातात.

आधी फाशीचा दिवस. तिघांना लाहोर सेंट्रल जेलमध्ये २३ मार्च १९३१ रोजी फाशी देण्यात आली. वार सोमवार. वेळ पहाटेची नव्हे, संध्याकाळची, साधारण साडेसातची. फाशी सकाळी देण्याचा रिवाज होता आणि ठरलेला दिवसही २४ मार्च होता. लोक जमतील, दंगा होईल या भीतीने सरकारने ती आदल्या संध्याकाळीच उरकली. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात दिले नाहीत. रात्रीच गुपचूप फिरोजपूरच्या बाजूला, सतलजकाठी नेऊन त्यांचे दहन केले. हुसैनीवालाचे स्मारक त्याच परिसरात आहे. मेसेजमधला 'पहाटे' हा एक शब्द हे सगळे झाकून टाकतो. नियम मोडून संध्याकाळी फाशी द्यावी लागली, यात सरकारला त्यांची किती धास्ती होती ते दिसते.

'शिक्षा १४ फेब्रुवारीला सुनावली' हेही खरे नाही. लाहोर कटाचा खटला, म्हणजे पोलीस अधिकारी साँडर्सच्या हत्येचा आणि सरकारविरुद्धच्या कटाचा खटला, जुलै १९२९ मध्ये उभा राहिला. कैद्यांचे उपोषण, त्यात ६३ दिवसांनंतर जतीन दास यांचा मृत्यू, कोर्टातले खटके, यामुळे तो सरकारला हवा तसा सरकेना. तेव्हा १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निकालावर हायकोर्टात दाद मागायची सोयच ठेवली नव्हती. या न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी, मंगळवारी, तिघांना फाशी सुनावली. म्हणजे ज्या तारखेला शिक्षा झाल्याचे सांगतात, तिच्या चार महिने आधी निकाल लागून चुकला होता.

अपिलाची बाब थोडी वेगळी. हायकोर्टाचा रस्ता बंद असल्याने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या अपिलाच्या शेवटच्या न्यायासनाकडे, जावे लागले आणि तिथे फेब्रुवारी १९३१ मध्ये नकार मिळाला. त्यानंतर १४ फेब्रुवारीला पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉयकडे दयेची विनंती केली. या प्रकरणात १४ फेब्रुवारीचा खरा संबंध आहे तो एवढाच. त्या दिवशी फाशी झाली नाही, फाशी टळावी म्हणून अर्ज झाला. मेसेजने अर्थ नेमका उलटा केला.

सगळ्यात ठोस पुरावा खुद्द भगतसिंगांच्या हातचा आहे. ३ मार्च १९३१ रोजी घरच्यांची शेवटची भेट झाली. त्या दिवशी धाकटा भाऊ कुलतार याच्या डोळ्यांत पाणी आले. भेटीनंतर भगतसिंगांनी त्याला उर्दूत पत्र लिहिले: तुझे अश्रू पाहून वाईट वाटले, धीर धर, शिकत राहा, तब्येत सांभाळ, आणि शेवटी काही शेर. मग २० मार्चला पंजाबच्या गव्हर्नरला तिघांच्या नावे पत्र गेले. त्यातला युक्तिवाद धारदार आहे. तुमच्याच कोर्टाने आम्हाला सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी धरले, तर आम्ही युद्धकैदी ठरतो. मग आम्हाला फासावर लटकवू नका, सैनिकांची तुकडी पाठवून गोळ्या घाला. दयेची याचना यात कुठेच नाही. १४ फेब्रुवारीला फाशी झाली असे मानले, तर ही दोन्ही पत्रे कुणी लिहिली?

याच काळात १७ फेब्रुवारीला गांधी-आयर्विन बोलणी सुरू झाली आणि ५ मार्चला करार झाला. या तिघांसाठी गांधीजींनी पुरेसे केले की नाही, हा वाद आजही धगधगता आहे. पण फाशी १४ फेब्रुवारीलाच झाली असती, तर तो वाद उभाच राहिला नसता. २३ मार्चच्या सकाळीही गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहिले होते.

शाळेच्या परिपाठासाठी किंवा फलकासाठी दिनविशेष काढणाऱ्यांनी नुसती तारीख टिपू नये, तारखेपुढे घटनेचा प्रकारही लिहावा: जन्म, अटक, निकाल, अर्ज, फाशी. एकाच खटल्यात या पाच तारखा असतात आणि नकलेतून नक्कल होताना त्याच एकमेकींत मिसळतात. मग वार जुळवून पाहावा. १४ फेब्रुवारी १९३१ हा शनिवार होता. कुठे दुसराच वार लिहिला असेल, तर तारीख किंवा वार, एक काहीतरी चुकले आहे. शेवटी, त्या तारखेनंतर त्या व्यक्तीने काही लिहिले, कुणाला भेटली का, ते शोधावे. वरचा मेसेज या तिसऱ्या पायरीवरच कोसळतो. जिथे खरोखर मतभेद आहे तिथे दोन्ही तारखा द्याव्यात. भगतसिंगांचा जन्मदिवस २७ आणि २८ सप्टेंबर १९०७ असा दोन्ही प्रकारे छापलेला आढळतो. राजगुरूंचा जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातले खेड, आजचे राजगुरुनगर. सुखदेव यांचा १५ मे १९०७, लुधियाना.

१४ फेब्रुवारीचा फलक भरायला खऱ्या नोंदी पुष्कळ आहेत. १८७६ मध्ये बेल यांचा टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज. १९३३ मध्ये मधुबाला आणि १९५२ मध्ये सुषमा स्वराज यांचा जन्म. १९९० मध्ये व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून टिपलेले, ठिपक्याएवढ्या पृथ्वीचे छायाचित्र. बाबराचा १४८३ मधला जन्मही याच तारखेला देतात, पण ती जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आणि या दिवशी हुतात्म्यांना वंदन करायचेच असेल, तर १४ फेब्रुवारी २०१९ आहे. पुलवामातल्या लेथपोरा इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड.

२३ मार्चच्या फलकासाठी मजकूर असा: "१९३१, सोमवार, संध्याकाळ. भगतसिंग (वय २३), सुखदेव (वय २३), शिवराम हरी राजगुरू (वय २२). लाहोर सेंट्रल जेल."