माथेरानला गाड्या सोडल्या की माथेरानचं भलं होईल?

आमच्या नेरळ-कर्जत भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर दर मे महिन्यात नव्याने फिरतो. त्याचा गोषवारा असा: गाड्यांना बंदी असल्यामुळे माथेरानला पर्यटक येत नाहीत, महाबळेश्वर कुठल्या कुठे गेलं आणि माथेरान मागे राहिलं, हे नियम बाहेरच्या पर्यावरणवाद्यांनी लादले आणि स्थानिकांच्या पोटावर पाय दिला, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आजाऱ्यांनी काय करायचं? शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘शाश्वत पर्यटन हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे.’ यंदा तो माझ्या मावसभावाने पाठवला, म्हणून सविस्तर उत्तर लिहितोय.

‘पर्यटक येत नाहीत.’ सुट्टीतल्या कुठल्याही शनिवारी सकाळी दहाला नेरळ स्टेशनबाहेर उभं राहून बघा. टॅक्सीसाठी रांग, घाटात गाड्यांना गाड्या लागलेल्या आणि वर दस्तुरीचा, म्हणजे माथेरानच्या गेटजवळ जिथे गाड्या थांबतात तिथला, वाहनतळ भरलेला. पर्यटक येतात, आणि ते गेटच्या अलीकडेच मावत नाहीत. गेटच्या आत अख्ख्या नगरपरिषदेचं क्षेत्र जेमतेम सात चौरस किलोमीटर. त्यात दरी आली, जंगल आलं, शार्लोट तलाव आला. दस्तुरीवरच्या गाड्या आत सोडल्या तर त्या उभ्या कुठे राहणार, हे त्या मजकुरात कधीच नसतं. झाडं तोडूनच जागा करावी लागेल.

महाबळेश्वरचं उदाहरण तर उलटंच पडतं. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला २००१ साली. माथेरानचा नंबर त्यानंतर, फेब्रुवारी २००३ मध्ये. म्हणजे ज्या गावाकडे बोट दाखवून आम्हाला नियम काढा म्हणतात, तिथेही पर्यावरणाचे निर्बंध आहेत, आणि ते आमच्या आधी आले.

‘बाहेरच्यांनी लादले’ हाही तसाच अर्धवट इतिहास. २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पायी चालायला लागलं नाही. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढून आला, तेव्हापासून गाव वसलं ते पायवाटांच्या, घोड्यांच्या हिशेबाने. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी रेल्वे वर आली. गावाची सगळी रचनाच गाडीशिवायची आहे.

आता मातीबद्दल, कारण माझा सगळा जीव त्यात अडकलाय. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या आसपास. चालून पोचलात की पायातले बूट कुठल्याही रंगाचे असोत, तांबडे झालेले असतात. ही जांभ्या दगडाची माती. घोड्यांच्या टापांखाली तिची भुकटी होते, आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की ती भुकटी तांबडं पाणी होऊन दरीत उतरते. मागे राहतात झाडांची उघडी मुळं. पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर ती गुडघ्याएवढी वर आलेली दिसतात, मुलं त्यांच्यावर पायऱ्यांसारखी चढतात. जुलै २००५ च्या पावसाने रेल्वेचा मार्ग असा उखडला की गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. ज्या वाटांना टापा सोसत नाहीत, त्यांच्यावर रोज शेकडो मोटारी घालायच्या? झाडं गेली, सावली गेली, तर मुंबईचा माणूस इथे कशाला येईल?

पोटाचं बोलायचं तर तिथेही मजकूर चुकतो. दस्तुरीला उतरलेल्या माणसाची बॅग हमाल बाई डोक्यावर घेते. पुढे कोणी घोडा करतं, कोणी रिक्षा. बाजारातून जाताना चिक्की आणि चामडी चपला घेतल्या जातात. पायी आलेला माणूस दमतो आणि रात्री मुक्काम करतो. मुंबईहून थेट हॉटेलच्या दारात उतरलेली गाडी यातल्या किती जणांना पैसे देईल? ती एक पॉइंट बघून संध्याकाळी परतही जाईल.

एका मुद्द्यावर मात्र मजकुराशी माझं भांडण नाही. म्हाताऱ्यांचे, अपंगांचे, शाळेच्या पोरांचे हाल खरेच होते. रुग्णवाहिका आधीपासून चालते, पण रोजच्या चालण्याचं काय? आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाला माणूस ओढायचा. ९४ परवाने होते हातरिक्षांचे. चढावर रिक्षा ओढणाऱ्याच्या मानेच्या शिरा ज्याने पाहिल्यात, त्याला पुन्हा त्या रिक्षात बसवत नाही. पण यावर तोड मोटारींची निघाली नाही. हातरिक्षावालेच कोर्टात गेले, ई-रिक्षा मागितली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती चाचणी म्हणून धावू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ई-रिक्षा खऱ्या रिक्षाचालकांनाच द्यायला सांगितल्या. शाश्वत म्हणजे माझ्या लेखी हेच: धूर नाही, जंगल जागेवर, आणि कमाई पूर्वी ओढणाऱ्याच्याच हातात. हे खूळ पोट भरलेल्यांचं असतं तर रिक्षावाले कोर्टाची पायरी का चढले असते?

घोडेवाल्यांची धास्ती मला कळते. ई-रिक्षा वाढल्या की त्यांचं भाडं घटणार, आणि त्यांच्याशी बोलून तोडगा काढायलाच हवा. भांडायचं तर यावर भांडू. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला जाणारी छोट्या रेल्वेची शटल वाढवायला, ई-रिक्षांचे परवाने चालकांच्याच नावावर राहायला जोर लावू.

मावसभावाला मी हेच पाठवलं. वर लिहिलं, या शनिवारी गाडी खाली नेरळला ठेव आणि ये. दस्तुरीपासून चालत जाऊ, मुळं दाखवतो.