बोट लागली की डोकं फिरतं

फालमथला बोट लागली की संपलंच! जमैकातलं हे १७६९ साली वसवलेलं चिमुकलं गाव. २०११ला तिथे क्रूझचं बंदर झालं आणि एकेका बोटीतून हजारो माणसं उतरायला लागली. बरं, गाव तरी बघावं? छे! कुंपणाआतली दुकानं, मग एसी बस, थेट ओचो रिओसचा धबधबा. गावातल्या मुख्य चौकाकडे, वॉटर स्क्वेअरकडे, ढुंकूनही बघत नाहीत. आणि भुर्दंड कुणाला? आम्हाला! लाल नंबरप्लेटची शेअर टॅक्सी, जिच्यात एरवी मागे चौघं कोंबून नेतात, तीच त्या दिवशी ‘स्पेशल’. भाडं अमेरिकन डॉलरात! ‘मी बोटीतला नाही हो,’ म्हटलं तर ड्रायव्हर नुसता हसतो. अरे, एवढी मळकी सॅक पाठीवर टाकून क्रूझवर कोण येतं, बाबा?