फादर लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद

नमस्कार. बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ फादर जॉर्ज लमेत्र यांच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ज्या चर्चने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, त्याच चर्चचा एक फादर ‘विश्वाला सुरुवात आहे’ म्हणतो, म्हणजे ते विज्ञान नव्हे. बायबलमधली उत्पत्तीची गोष्ट मागच्या दाराने आत आणली गेली.

गॅलिलिओबद्दल मी वाद घालणार नाही. 1633 ची शिक्षा हा अन्यायच होता. त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर मान्य केली ती 1992 मध्ये. इतक्या उशिराचं समर्थन मी करू शकत नाही. कॅथलिक असूनही नाही, खरं तर कॅथलिक आहे म्हणूनच नाही.

पण जॉर्ज लमेत्र यांच्यावर तुम्ही अन्याय करताय. 1927 मध्ये त्यांनी प्रसरण पावणारं विश्व मांडलं ते आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आणि दीर्घिकांच्या वेगांवरून. गणित बरोबर आहे पण भौतिकी भयंकर, असं खुद्द आइन्स्टाइन त्यांना म्हणाले होते. 1931 मध्ये त्यांनी ‘नेचर’साठी एक अगदी छोटं टिपण लिहिलं: विश्वाची सुरुवात एका क्वांटमपासून, म्हणजे ऊर्जेच्या एका अविभाज्य पुडक्यापासून झाली असेल. टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी एक परिच्छेद होता. देव मानणारा माणूस देव मुळातच गुप्त आहे असंही मानतो, आणि आजची भौतिकी निर्मितीवर पडदा टाकते हे पाहून त्याला आनंद होईल, अशा अर्थाचा. तो त्यांनी खोडला. छापून आलेल्या टिपणात देवाचा उल्लेखही नाही. आणि खोडलेल्या मजकुरात तरी काय आहे? पुरावा नाही, पडदा आहे!

पुढे 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात विज्ञान बायबलमधल्या उत्पत्तीच्या गोष्टीतल्या ‘प्रकाश होवो’ या शब्दांची साक्ष देतंय, असा सूर लावला. लमेत्र अस्वस्थ झाले. वॅटिकन वेधशाळेच्या संचालकांशी बोलले. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर पोप बोलले तेव्हा तो सूर नव्हता.

वसईत लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मलाही हेच सांगितलं होतं: बिग बँग (विश्वाच्या अशा सुरुवातीला पुढे पडलेलं नाव) म्हणजेच ‘प्रकाश होवो’. बरीच वर्षं मी ते छातीठोकपणे सांगत होतो. मग लक्षात आलं, उद्या निरीक्षणं बदलली तर माझा देवही बदलायचा का? लमेत्र यांना हे माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

तुमच्यासारखाच संशय ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनाही होता. आपले जयंत नारळीकर त्यांच्यासोबत बिग बँगच्या विरोधात आयुष्यभर लढले, पण निरीक्षणं आणि गणित घेऊन. मांडणाऱ्याच्या झग्याकडे बोट दाखवून नाही.

तेव्हा विनंती एवढीच: 1927 चा निबंध आणि 1931 चं टिपण काढून वाचा. त्यात बायबलवर उभी असलेली एक ओळ दाखवा, मी माझा लेख दुरुस्त करेन.