पंथ इंद्रजाल, मुक्काम परभणी

आमच्याकडं आमदार तीन पक्ष फिरून मूळ पक्षात परत येतो, तुरीवाला सोयाबीनवर जातो आणि सोयाबीनवाला उसावर. पण पन्नाशी ओलांडलेला इंद्रजाल कॉमिक्सवाला 'डायमंड कॉमिक्सही तसं बरंच होतं' असं म्हणाल्याचं कुणी ऐकलंय का? पेन्शनचा अर्ज भरताना ज्याला स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते, तो इंद्रजाल मार्च 1964 मध्ये निघालं आणि अंक साठ पैशाला होता हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. मीही त्याच पंथातला. आमचं इंद्रजाल 1990 साली बंद पडलं. त्याचा फायदा असा, की नवा अंक येऊन निराशा करण्याची भीती कायमची मिटली.

लोकांना वाटतं हे सगळं नायकाच्या प्रेमापोटी होतं. वेताळाची (म्हणजे फँटमची) कवटीची अंगठी, जादूगार मँड्रेकचं संमोहन, बहादूरचा केशरी कुर्ता वगैरे. तसं काही नाही. खरं कारण एस.टी. स्टँडवरचा पेपरवाला. त्याचा हिशेब साधा असतो: न खपलेला माल जो परत घेतो, त्याचा माल आधी मांडायचा. जिल्ह्याचा एजंट ज्या कंपनीचा गठ्ठा सोडेल तोच एस.टी.च्या टपावरून तालुक्याला उतरणार आणि सुट्टीत मामाच्या गावाला निघालेल्या पोराच्या हातात, गाडी सुटायच्या आत, तोच पडणार. वय आठ ते अकरा. त्याआधी पोरगं नुसती चित्रं बघतं आणि त्यानंतर त्याला क्रिकेट लागतं. मधल्या काळात एकाच कंपनीचे सलग दहा-बारा अंक पोटात गेले की काम झालं. एका गावातली सगळी पोरं वेताळाची आणि चाळीस किलोमीटरवरची सगळी चाचा चौधरीची, असं व्हायचं ते यामुळंच. पोरांची आवड वेगळी नव्हती, एजंट वेगळा होता. हे कुठल्याही पंथीयाला सांगून बघा. तो चित्रांची रेषा, छपाईचे रंग, कथेतला विचार यावर तासभर बोलेल. ही कारणं त्यानं मागाहून गोळा केलेली असतात, पण त्याला तसं म्हणायचं नाही. चहा अर्धवट राहतो.

डायमंड, राज या दिल्लीच्या कंपन्यांना मराठवाडा अवघड गेला नाही. 1948 पर्यंत निजामाचा मुलुख, कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळं आजोबांपासून सगळ्यांच्या कानाला हिंदीची सवय. नांदेडच्या पोराला राज कॉमिक्सचा नागराज वाचायला मराठी आवृत्ती लागत नाही. भांडणं मराठीत आणि संवाद हिंदीत, एवढीच काय ती वाटणी.

तर पंथ साधारण चार. पहिले आम्ही. टाइम्सवाल्या बेनेट कोलमनचं इंद्रजाल, त्यात ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक, आणि 1976 पासून आबिद सुरतींचा बहादूर. आम्हाला वाटतं की आम्ही जागतिक साहित्य वाचलं. दुसरे अमर चित्र कथावाले. यांच्याकडं आई-वडिलांची परवानगी होती, आणि ती अजून त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तिसरे डायमंडवाले: प्राण यांचे चाचा चौधरी, गुरू ग्रहावरून आलेला साबू, पिंकी, बिल्लू. मिळून-मिसळून राहणारी माणसं, वादात पडत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालायला मजा येत नाही. चौथे राज कॉमिक्सवाले. 1986 चा नागराज, 1987 चा सुपर कमांडो ध्रुव, पुढं डोगा. हे वयानं आमच्यापेक्षा लहान आणि आवाजानं मोठे. मनोज कॉमिक्सच्या राम-रहीमचे आणि हवालदार बहादूरचे भक्तही भेटतात, पण ते लग्नात कोपऱ्यात बसलेले असतात आणि आपण होऊन बोलत नाहीत.

आता पंथीयांना न सांगण्याच्या दोन गोष्टी. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये अनंत पै होते, आणि 1967 साली अमर चित्र कथा उभी केली तीही त्यांनीच. म्हणजे 'तुमचं ते जंगलातलं मुखवट्याचं थेर' आणि 'आमचं ते संस्कारक्षम' या दोन्हींच्या सुरुवातीला माणूस एकच. दुसरी गोष्ट याहून जड. ज्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी देवादिक आणि राजेरजवाडे काढले, त्यांनीच पहिला नागराज काढला. एकाच मराठी चित्रकाराच्या हातचं एक पुस्तक आई बक्षीस म्हणून देणार आणि दुसरं बंबात घालणार. अमर चित्र कथावाल्याला हे सांगितलं की तो 'हो का?' म्हणतो आणि विषय दुष्काळावर नेतो.

कंपन्यांना मात्र निष्ठा आपोआप होते यावर विसंबून चालत नव्हतं. त्यांनी गळ टाकले होते. सगळ्यात जुना गळ म्हणजे मुखपृष्ठावरचा क्रमांक. 41 आणि 43 घरात आहेत म्हटल्यावर 42 ची गोष्ट कितीही भिकार असली तरी माणूस ती शोधत हिंडतो. इंद्रजालचे एकूण 803 अंक निघाले, आणि मधेच कंपनीनं सरळ क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत आणली, त्यामुळं आमच्या वह्यांत दोन-दोन रकाने असतात. अमर चित्र कथावाल्यांचं याहून वाईट. त्यांचा 'कृष्ण' हा अंक क्रमांक 11. मग पहिले दहा कुठं गेले म्हणून भाविकपणे शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी सिंड्रेला आणि पिनोकिओ सापडतात, कारण सुरुवातीचे दहा अंक परदेशी परीकथांचेच होते. संपूर्ण संच हवा तर त्या परीलाही देव्हाऱ्याशेजारी जागा द्यावी लागते.

दुसरा गळ संपादकाच्या पत्राचा. राज कॉमिक्सच्या 'ग्रीन पेज'वर संजय गुप्ता वाचकांशी घरच्यासारखं बोलायचे. सेलूच्या पोराला दिल्लीचा माणूस 'दोस्त' म्हणतो म्हटल्यावर ते पोरगं जन्मात दुसऱ्याच्या दारात जातंय का? त्यात नागराज महानगरचा, ध्रुव राजनगरचा, डोगा मुंबईचा, आणि हे एकमेकांना भेटणार. म्हणजे ज्याला फक्त नागराज हवा त्यालाही ध्रुवाचा अंक घेणं आलं. डायमंडनं अंकुर बाल बुक क्लब काढला आणि पुस्तकं व्ही.पी.नं घरपोच पाठवली. व्ही.पी.ची गंमत अशी की मागवतो पोरगा आणि पैसे मोजतो बाप, तेही पोस्टमन उंबऱ्यात उभा असताना. नाही म्हणावं तर पाकीट परत जातं आणि गल्लीत चर्चा होते. अमेरिकेत हे आधीच करून झालं होतं. आमचं इंद्रजाल निघालं त्याच 1964 साली मार्व्हलनं एक डॉलर वर्गणीचा वाचक क्लब काढला आणि पोरांना ओळखपत्रं नि बिल्ले वाटले. तिकडचे मार्व्हलवाले आणि डीसीवाले अजून एकमेकांच्या सिनेमाला तिकीट काढून जातात ते नावं ठेवायलाच.

निष्ठा नायकावर नसते, कंपनीवर असते, याची परीक्षा नव्वदच्या दशकात झाली. इंद्रजाल बंद पडल्यावर वेताळ डायमंडकडं गेला. तोच वेताळ, तीच गुहा, तीच अंगठी. आम्ही घेतला नाही. 'तो वेताळ असेल, आपला नाही,' एवढ्यावर विषय संपला. राजवाल्यांची परीक्षा अलीकडची आणि जास्त अवघड. संस्थापक राजकुमार गुप्ता गेल्यावर तीन मुलांच्या तीन चुली झाल्या: राज कॉमिक्स बाय संजय गुप्ता, बाय मनोज गुप्ता आणि बाय मनीष गुप्ता. आडनाव एक, बोधचिन्हाची ओढ एक, निष्ठा कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायची? भाऊवाटणीचा अनुभव मराठवाड्याला भरपूर असल्यानं बहुतेकांनी तिघांकडूनही घ्यायचं ठरवलंय. पैसे तिप्पट जातात, पण कुणाच्या तेराव्याला तोंड चुकवावं लागत नाही.

खरा छळ पुढं, सांभाळण्यात आहे. हे कागद वर्तमानपत्राच्या जातीचे. त्यात लाकडाचा अंश राहिलेला असतो आणि उष्णतेनं, उजेडानं तो पिवळा पडून कडक होतो. मे महिन्यात परभणीचा पारा 43-44 ला जातो तेव्हा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेला अंक पापडासारखा मोडतो. माळवदाच्या घरात गारवा असतो, पण वरून माती गळते आणि भिंतीतून वाळवी येते. म्हणून लोखंडी ट्रंक, विटांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. ती खोली नेमकी देवाची किंवा धान्याची निघते. घरातून प्रश्न येतो, 'कामून आणून ठिवलाय हा कचरा ज्वारीपाशी?' याचं समाधानकारक उत्तर कुणाकडंच नाही.

ट्रंकेत अंक आडवे ठेवायचे, एका चवडीत वीस-पंचवीसच्या वर नाही, नाहीतर खालच्यांचे कणे चेपतात. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, रेक्झिनच्या किंवा पीव्हीसीच्या फाइलमध्ये कधीच नाही. त्या फाइलमधून निघणारा वास हाच कागदाचा काळ. कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून घालायचा. ओलसर घातला तर किडे येत नाहीत, बुरशी येते. फाटलं तर सेलोटेप लावायचा मोह आवरा. पाच-दहा वर्षांत टेप निघून जाते आणि तपकिरी डाग तिथंच राहतो, नेमका मँड्रेकच्या तोंडावर. गंजलेली पिन नखानं उपसायची नाही. आतल्या बाजूनं तिचे पाय पातळ पट्टीनं उभे करायचे आणि मग पाठीकडून काढायची.

आणि कसर. तिला गोंद, खळ, पिष्ट असं सगळं आवडतं, म्हणून जुन्या लायब्ररीची बांधणी तिची मेजवानी. त्यावर खात्रीचा उपाय डीप फ्रीज. अंक झिपच्या पिशवीत, हवा काढून, उणे 18 अंशांवर किमान दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थंड कागदावर बसतं आणि पान फुगतं. शास्त्र इथवर सोपं आहे. अडचण अशी की त्याच फ्रीजरमध्ये वर्षाचे मटार आणि कैरीचा गर असतो. मटार काढायला गेलेल्या सासूबाईंच्या हाताला गोठलेला बहादूर लागला, की जावयाची पत त्या घरात पुन्हा वर येत नाही.

खरेदीलाही डोकं लागतं. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत काही निघतं, पण पंथाची खरी वारी रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस धरून हैदराबादला, आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर. अंक हातात आला की मुखपृष्ठ बघत बसायचं नाही. सरळ मधोमध उघडायचा. बत्तीस पानांच्या पिनेच्या अंकात मधला कागद एकच असतो आणि त्यावर पानं 15 ते 18 येतात. पिन सैल झाली की तोच आधी गळतो, आणि वेताळ गुहेतून निघून थेट लग्नाच्या पंगतीला पोचतो. मग शब्दकोडं पेनानं सोडवलंय का, नायिकेला मिशा काढल्यात का, हे बघायचं. लायब्ररीच्या अंकाला दाभणानं तीन भोकं पाडून सुतळीनं शिवलेलं असतं, त्यामुळं आतल्या चौकटीतली अर्धी वाक्यं शिवणीत जातात. पाच अंक एकत्र बांधून कडा कापल्या असतील तर वरचा क्रमांकही गेला, म्हणजे वहीतला रकाना रिकामाच. तरीही घेतात. मी सांगून काय उपयोग.

भावाचं सांगतो. विक्रेता किंमत सांगण्याआधी तुमचे डोळे बघतो. इंद्रजालवर हात थबकला की आकडा चढला. म्हणून चार चंपक, दोन किशोर, एखादं फाटकं गाइड असा ढीग करायचा, आपला अंक त्यात तिसरा दडवायचा आणि सगळ्यात वर डायमंडचं वेताळ डायजेस्ट ठेवायचं, कारण ते आपल्याला नको असतं आणि चेहऱ्यावर तसं दिसतंही. मग ढिगाचा भाव विचारायचा. युक्ती हमखास चालते, पण ढीग घ्यावा लागतो. चंपक शेजारच्या पोरांना जातं, गाइड रद्दीला. डायजेस्ट ट्रंकेत ठेवता येत नाही, कारण ट्रंक इंद्रजालची, आणि रद्दीत देववत नाही, कारण आत वेताळ आहे. बहुतेक घरांत ते गादीखाली सापडतं, वाचून वाचून पानं मऊ पडलेलं.